भिशीतला मॅग्नोरस

हॅलो? … हो, डॉक्टर प्रभाकरांचंच घर. डॉक्टर दवाखान्यात आहेत. … कोण? … जरा मोठ्यानं बोला! … शालिनी! अगं, तू होय! बरं झालं तूच फोन केलास. आता सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ऐक. आमच्या घरातला शेवटचा ढेकूण आज सकाळी आपल्या पायांनी चालत बाहेर गेला. … अगं, खरंच! माझ्या खाटेवरून उतरला, ओसरी ओलांडली, उंबऱ्यावर क्षणभर थांबला आणि मागं वळून पाहिलं त्यानं. माझंच काळीज हललं. इतका जुना शेजार… हॅलो? हसलीस ना? … नाही हसलीस? मग काहीतरी गंभीर दिसतंय.

… धाप? हो, लागलीय. अंगणात खाटा आपटत होतो उन्हात. घंटी वाजली तसा धावत आलो. … नाही, आता एकही नाही. औषधालासुद्धा सापडायचा नाही, औषधच तसं जालीम आहे! सोडाल्याच्या नाक्यावर एक जण सायकलवर विकत होता, त्याच्याकडून आणलं. तो माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. … बरं, बरं, राहिलं. ढेकूण राहू देत.

विभा? विभा नाही घरात. … कुठं गेली ते मला काय ठाऊक? मी खाटांमध्ये होतो. पिशवी खांद्याला लावली, "बापू, येते हं" म्हणाली, आणि टांगा करून गेली. सून म्हणून काही सासऱ्याला विचारून जायला हवं असं नाही. … निरोप सांगू? … माझ्याशीच काम आहे? … म्हणजे विभा घरात नसताना, नेमकं माझ्याशी. बरं. बोल.

… कुठला शब्द?

…

… नाही, नाही, लाइन नाही तुटली. इथंच आहे मी. 'मॅग्नोरस'. हो, ऐकला. आमच्या विभानंच दिला होता तुमच्या भिशीत, गेल्या गुरुवारी. त्याचं काय?

… थांब. आधी मला सांग, तुझ्याजवळ कोण बसलंय? … कुणी नाही कसं, मला श्वास ऐकू येतोय. भिशीतली प्रतिमा आहे ना? … नंदकिशोर? तुझा नवरा या वेळी ऑफिस सोडून घरी काय करतोय? … माझ्या उत्तराची वाट बघतोय? … शालिनी, हे काय कोर्ट भरवलंयस? आरोपी बाहेर गेला म्हणून वकिलाला पकडलंत होय?

संशय नाही तर काय! अगं, तुमची ती शब्दांची भिशी मी पहिल्या दिवसापासून बघतोय. इंग्लंडची राणी जयपूर बघून गेली काय, आणि तुम्हा साहेबलोकांच्या बायकांना इंग्रजीचा ताप चढला काय! जगात बायका भिशीत पैसे घालतात, तुम्ही शब्द घालायला लागलात. दर गुरुवारी प्रत्येकीनं एक अवघड इंग्रजी शब्द आणायचा, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जिची चिठ्ठी निघेल तिच्या पदरात सगळ्यांचे शब्द. आठवडाभर ते तिनंच वापरायचे, क्लबात, पार्टीत, साहेबाच्या बंगल्यावर. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. … हो, हो… अगं, मी कुठं वाईट म्हणतोय? डोकं आहे तुला. मला फक्त एवढं कळत नाही, की इंग्रजी शिकायला जमता आणि दुपारभर मराठीत बोलता. … तेच तर म्हणतो मी! तेच बरं आहे त्यातलं.

पण नियम कुणी केले? तूच ना? लागोपाठ दोनदा जिचा शब्द खोटा, ती भिशीतून बाहेर. आणि आमच्या विभाचा पहिलाच शब्द बाद कुणी केला? … 'हंबग'! आता ह्यात काय खोट होती सांग. थापाड्या माणसासाठी चांगला खणखणीत इंग्रजी शब्द, उभ्या नोकरीत गोऱ्या साहेबांच्या तोंडून ऐकलेला. मी दिला होता तिला, स्वतःच्या हातानं. आणि तुमची प्रतिमा म्हणते, "अय्या, हा तर मराठीच शब्द! आमचे आजोबा रोज म्हणायचे!" … बघ, आत्तासुद्धा हसलीस. तेव्हाही अशाच हसला असाल सगळ्या. पोरगी घरी आली ती सरळ ओट्यापाशी गेली आणि कणीक मळता मळता रडली. त्या दिवशीच्या पोळ्यांना मीठ घालावं लागलं नाही. प्रभाकरनं भाजीला नावं ठेवली. मी गप्प जेवलो.

… नाही गं, विषय नाही बदलत. मॅग्नोरस. अर्थ सांगितला होता ना तिनं? 'असा थोर, की ज्याच्या नुसत्या वाऱ्यानं क्षुद्र जीव पसार होतात आणि घरादाराला सुखाची झोप लागते.' … हो, तोच अर्थ. माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? … मग चिठ्ठी तुझीच निघाली ना? शब्द तुझा झाला. वापरलास का कुठं?

… वापरलास! कुठं? … भटनागरसाहेबांच्या बंगल्यावर? नंदकिशोरचा मोठा साहेब तो? … जेवायला. हं. … आणि कुणाला म्हणालीस? … मेमसाहेबांच्या बागेला! "मॅडम, युवर गार्डन इज मॅग्नोरस!" … वा! … मग? कुणी हसलं? … कुणी अर्थ विचारला? … कुणीच नाही? टेबलावर सगळे कॉन्व्हेंटवाले ना गं? … माना हलवल्या. अस्सं. … बरोबर आहे. शिकलेला माणूस अर्थ विचारत नाही. मान हलवतो, आणि घरी जाऊन डिक्शनरी उघडतो. … नाही सापडला तर? तर पुन्हा उघडतो. पण बोलत नाही.

… काय? साहेबांनीच उचलला? … फायलीवर लिहिला? … "मॅग्नोरस वर्क." कुणाच्या फायलीवर? … नंदकिशोरच्या! अगं, मग पेढे वाटायचे सोडून कुजबुजतेयस काय?

… हं. … हं. … कोण पाहुणा? … थेट लंडनचा? … समारंभ आज पाच वाजता, दुर्गापुऱ्याला. … भाषण साहेबांचं, लिहून दिलं नंदकिशोरनं. ते ठीक आहे. … आणि त्यात कुठं? … पहिल्याच ओळीत. "अवर मॅग्नोरस गेस्ट." … साहेबांनी आपल्या हातानं घातला. लाल शाईनं.

… जरा खाली बसतो गं. … नाही, काही नाही. ऊन लागलं असेल.

… कळलं. कळलं मला. शब्द खरा असेल आणि नंदकिशोरनं खोडला, तर साहेब खवळणार. शब्द खोटा असेल आणि पाहुणा हसला, तर साहेब तोंडावर पडणार, आणि नंदकिशोरची बदली… बाडमेरला? तसं बोलून दाखवलं साहेबानं? … "वाळूत बसून इंग्रजी सुधारा." असं म्हणाला? भलताच माणूस दिसतो. … आणि विभा? … भिशीतून बाहेर. हो. 'हंबग' एक आणि हा दुसरा.

एक विचारू का शालिनी? रागावू नकोस. हा पाहुणा खरा आहे ना? … नाही, म्हणजे बघ, भर दुपार, विभा घरात नाही, आणि अचानक लंडनहून माणूस उतरतो. मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून विभाला काढायचा बेत तर नाही ना केला? म्हाताऱ्याला घाबरवा, म्हातारा म्हणेल 'शब्द खोटा', की झालं! … शपथ घेतेस? कुणाची? … नंदकिशोरची? त्याची शपथ तू भाजी ताजी आहे म्हणतानासुद्धा घेतेस. … बरं, मुलांची. … हं. तरी मला शंका आहेच. गोष्टी कशा रचतात ते मी जाणतो, आणि ही रचल्यासारखी वाटते.

… डिक्शनरी बघितलीस? कुठली? … ऑफिसातली. केवढी जाड? … मग त्यात नसायचाच. जाड डिक्शनरीत सभ्य शब्द राहतात. हा बोलण्यातला आहे, इंजिन ड्रायव्हरच्या तोंडचा. स्लँग म्हणतात त्याला. त्याला पुस्तकात घ्यायला साहेबलोक लाजतात. … माझी? माझी डिक्शनरी आहे की. पण वाळवी लागली गं तिला. … सगळी नाही, मधलीच पानं. … कुठली म्हणजे… एम. … एमच. … हो, नेमकं एम! वाळवीला काय मी सांगायला गेलो होतो? एलच्या शेवटापासून एनच्या दारापर्यंत सगळं साफ. … तुला संशय कशाचा येत नाही ते एकदा सांग मला!

… प्रोफेसरांना विचारलंस? कुठल्या? … दिलीपला? मग काय म्हणाला तो? … "ऐकल्यासारखा वाटतो." बघ! … अगं, प्रोफेसर आहे तो. न ऐकून सांगतो कुणाला?

… बरं. कुठून मिळाला, एवढंच ना? सांगतो. पण मधे बोलायचं नाही. आणि ही गोष्ट बापूची आहे हं, माझी नव्हे. मी नुसता सांगणारा. … फरक आहे. तो बापू तेव्हाचा, मी आत्ताचा.

तर बापू तेव्हा गार्ड होता, फुलेऱ्याच्या मीटरगेजवर. ज्येष्ठ महिना, टळटळीत दुपार, आणि सांभरच्या मिठाच्या तळ्याकाठची ती लाइन. इंजिनावर मॅकलिस्टर नावाचा गोरा ड्रायव्हर. माणूस इतका घुमा, की बायकोशीसुद्धा शिट्टीनं बोलायचा. एक लांब म्हणजे चहा टाक, दोन आखूड म्हणजे माहेरी जा. अशात उठली आँधी. तुम्ही बंगल्यात वाळ्याचे पडदे लावून बघता ती नव्हे, खरी आँधी! वाळूची भिंतच. बापूला स्वतःच्या हातातला झेंडा दिसेना. लाल धरलाय की हिरवा, ते चाखून बघावं लागलं त्याला. … हिरवा जरा तुरट असतो. मधे बोलू नकोस म्हटलं ना!

गाडी चालली होती धडधडत, आणि एकाएकी धडधड थांबली. गाडी नाही थांबली, नुसती धडधड थांबली. पाळण्यात बसवल्यासारखी गुळगुळीत चाल. बापूनं डब्याच्या पायरीवर पालथं पडून खाली हात घातला, चाचपलं, तर रूळच नाहीत! गाडी रूळ सोडून तळ्यात शिरली होती. … अगं, उन्हाळ्यात पाणी कुठलं? मिठाचा थर, संगमरवरासारखा घट्ट. गाडी मिठावरून चालली होती. … का नाही रुतली ते मिठाला विचार. डब्यात एक वऱ्हाड होतं, नवरदेवासकट सगळं घोरत पडलेलं. फक्त एक म्हातारी जागी झाली, जीभ बाहेर काढली, म्हणाली, "आज हवा खारट आहे गं बाई," आणि कूस बदलून झोपली.

मग बापूनं काय केलं? टोपी घट्ट केली, चालत्या गाडीतून उडी टाकली, आणि पळत पळत इंजिनाच्या पुढं गेला. … पुढंच! तेव्हाचा बापू कसा पळायचा ते तू पाहिलं नाहीस. आणि तेव्हाची इंजिनं दम्याची. पुढं जाऊन त्यानं वासानं रूळ हुडकले. तापल्या लोखंडाला वास असतो, जिलबीच्या कढईसारखा. झेंडा हलवत, शिंकत, खोकत त्यानं अख्खी गाडी वळवून परत रुळावर आणून घातली. फुलेऱ्याला पोचली ती वेळेच्या आधी! कारण मिठावरून रस्ता जवळचा पडला. तेव्हा तो मॅकलिस्टर इंजिनावरून खाली उतरला. भुवया मिठानं पांढऱ्या झालेल्या. टोपी काढली, बापूपुढं उभा राहिला, आणि म्हणाला, "बापू… यू आर मॅग्नोरस." आणि शालिनी, त्या दगडाच्या डोळ्यांत…

… कोण म्हणतं? … कधी? … गणपतीत? … मंडळाच्या गणपतीत मी असं सांगितलं होतं? की मॅकलिस्टर जन्माचा मुका होता? … सगळ्यांसमोर. हं. … हो, सांगितलं असेल. मुकाच होता तो. … अगं, म्हणून तर! जन्माच्या मुक्याला वाचा फुटली, त्याशिवाय का मला शब्द लक्षात राहिला? साधा ड्रायव्हर साधं बोलला असता तर कशाला ध्यानात ठेवला असता मी!

… स्पेलिंग? मुक्याला स्पेलिंग विचारत नाहीत.

… काय? हो की नाही, एका शब्दात? … शालिनी, तू फौजदार व्हायची ती इथं कशी अडकलीस? … ऐकतोय. ऐकतोय मी.

… बरं, मला एक सांग. मी 'नाही' म्हटलं, तर विभाला खरंच काढणार तुम्ही? … नियम तो नियम. हं. … नाही, मी तिची वकिली करत नाही. पण वाईसारख्या गावातली पोर ती, मराठी शाळेत शिकलेली. इथं आली तेव्हा भाजीवाल्याशी बोलायलासुद्धा मला बरोबर न्यायची. तुमच्या त्या भटनागर मेमसाहेबांनी दिवाळीला नाव विचारलं, तर घाबरून "थँक यू" म्हणाली. आठवडाभर मग कुठं गेली नाही. वाचते सगळं, कळतं सगळं, पण साहेबलोक दिसले की दातखीळ बसते. आणि गुरुवार आला की बघ तिला. सकाळपासून गुणगुणते. जयपुरात चार मराठी घरं तिच्या ओळखीची, ती तुमची. आणि ती तुम्ही…

… हो. … हो म्हटलं ना! शब्द खरा आहे. शंभर नंबरी. बापूची हमी आहे म्हणावं नंदकिशोरला. … दे, दे, सांग त्याला. … काय म्हणाला? … सुटकेचा श्वास टाकला. ऐकू आला मला. कागद घेऊन निघाला? जाऊ दे. … आता झालं ना तुझं समाधान? आता खरं सांग, पाहुणा-बिहुणा काही नाही ना? प्रतिमानंच पढवलंय ना तुला? …

हा भोंगा कसला?

… गाडी? कुणाची गाडी? … साहेबांची? तुझ्या फाटकात? … साहेब आत बसलेत? … नंदकिशोरला बरोबर न्यायला आलेत. … म्हणजे पाहुणा खरंच आहे. … अरे देवा! … नाही, 'अरे वा' म्हणालो मी. अरे वा!

शालिनी, अगं ऐक ना. नंदकिशोर पायऱ्या उतरला का? … उतरतोय. त्याला म्हणावं, जरा थांब. … नाही, नाही, शब्द खरा आहे! खराच आहे. पण मतलब असा, की जरा जुना झालाय. त्या पाहुण्याचं वय काय? … तरुण आहे? मग त्याला नाही कळायचा. तिथं साधा 'ग्रेट' घातला तरी चालेल. 'ऑनरेबल' घाला. 'ऑनरेबल'चं कधी कुणाला वाईट वाटत नाही. … आत्ताच का सांगतोय म्हणजे? आत्ताच सुचलं. … नाही गं, माझा आवाज असाच आहे. … संशय घेऊ नकोस, खोडायला सांग! … कारण? कारण काय लागतं? … साहेब कारण विचारेल. हं. ते आहे.

… काय? दाराशी कोण? … विभा? आमची विभा? तुझ्याकडे? … अगं, ती तुझ्याकडेच यायला निघाली होती होय! मला कुठं बोलली! … तू बोलावलं होतंस? कशाला? … हळू बोलतेयस म्हणजे… ढेकूण? तुझ्याकडे? शालिनी! अगं, गेल्या गुरुवारी तर तू म्हणालीस, तुझ्या घरात… बरं, बरं, नाही सांगत कुणाला. … विभाच्या कानात सांगितलंस, आणि ती औषध घेऊन आलीय. गुणाची पोर आहे, मी म्हटलं ना…

… कुठलं औषध?

… पिशवीत काय आहे म्हणालीस? कागदात गुंडाळलेला डबा? … थांब. फोन धर. ठेवू नकोस हं, धरून ठेव…

…

… हॅलो? … नाही. फडताळात नाही. … काही नाही, आमचं आमचं चाललंय. शालिनी, नीट ऐक. तो कागद काढू नकोस. … विष आहे ते! कागदासकट ठेवायचं. … तो कागद मीच गुंडाळलाय, तसाच राहू दे. … वापरायचं कसं? कागदातूनच. खाटेखाली नुसता डबा ठेवायचा, वासानं काम होतं. … हो, उघडायचासुद्धा नाही. … बघायचंय कशाला? डब्यात बघण्यासारखं काय असतं? … विभाला म्हणावं परत घेऊन ये, मी दुसरा देतो, याच्यापेक्षा मोठा… अगं, वडीलधारा माणूस सांगतोय! …

हा फरफर आवाज कसला? … शालिनी, तू कागद फाडतेयस. … मला ऐकू येतंय!

…

… हो.

… हो, 'खटमलों का काल'. … खाली 'एक बार छिड़किए, चैन से सोइए'. पाठ आहे मला. … वरचं नको वाचूस. मोठ्यानं तर मुळीच नको, विभा तिथंच… वाचलंस. … आता ऐक. असं बघ, हा औषधवाला असणार फुलेऱ्याचा. मॅकलिस्टरचा शब्द त्या भागात फार पसरला होता. त्यावरूनच त्यानं आपल्या डब्याला… थोर शब्दांवरूनच ठेवतात नावं… हॅलो? … विभा काय करतेय? … नुसती डब्याकडे बघतेय.

शालिनी, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं हं. तिच्या देखत सांगतोय म्हणून नव्हे, खरंच…

कोण पळालं? … दार कुणी आपटलं? … विभा? कुठं? … गाडीमागं? … गाडी निघाली? … अनवाणी? या उन्हात? अगं, तापली असेल फरशी! … फाटकाबाहेर गेली? … थांबली? गाडी थांबली? … कुणाच्या काचेवर थापा मारतेय? … भटनागरसाहेबांच्या? … विभा? जी "थँक यू" पलीकडे… शालिनी, तूच खिडकीशी आहेस ना? नीट बघून सांग. … ओरडतेय? मलाही ऐकू आलं काहीतरी. काय ओरडली? … ओरडू दे. मराठीत ओरडली असेल, साहेबाला काय कळणार, तो समजेल शेजारीण कुणी…

… काय?

… इंग्रजीत?

… आमची विभा? … अख्खं वाक्य? साहेबाच्या तोंडावर? … काय म्हणाली? थांब, गडबड करू नकोस, जसंच्या तसं सांग. … "स्टॉप, सर!" … हं. … "डोन्ट से मॅग्नोरस!" … हं, पुढं? … "इट इज फॉल्स! माय फादर-इन-लॉ…" … माय फादर-इन-लॉ काय? …

"…इज अ हंबग!"

…

अडखळली नाही कुठं?

… पुन्हा सांग, शालिनी. पहिल्यापासून सांग.